मागच्या डाव्या कोपऱ्याचा दिवा

५ डिसेंबर, गुरुवार. हिंगणा

पोहोचलो. सामान उतरलं, गॅस जोडला, पहिला चहाही झाला. दोन खोल्या, पुढे ओटा, शेजारी पत्र्याची शेड आणि शेडमध्ये आमचा ट्रक. मी आधी ट्रक पाहून आले आणि मग स्वयंपाकघर पाहिलं. जितूला त्याचं हसू आलं. हसू दे. बऱ्याच दिवसांनी हसला.

यवतमाळला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी नोकरीची सगळी वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला निघतात. मला देवाची फारशी ओढ नाही. मुलाबाळांचं म्हणाल तर माझा एकच, बहिणीचा जितेंद्र. बहीण गेली तेव्हा तो चौथीत होता, पुढे माझ्याच हाताखाली वाढला. ड्रायव्हर म्हणून उत्तम. पण मागच्या वर्षी चंद्रपूर रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची ट्रॉली समोर आली आणि त्याने गाडी खाली शेतात घातली. कुणाला खरचटलंही नाही. तरी तेव्हापासून अंधारात त्याचे हात स्टीअरिंगवर थरथरतात. नोकरी सुटली. दिवसभर गच्चीवर बसून राहायचा. तिशीतला माणूस असा बसलेला मला पाहवेना, म्हणून हा ट्रक घेतला.

काम ठरलेलं आहे. इथल्या कारखान्यातून सुताची पोती भरायची आणि कामठीला हातमागवाल्यांच्या गोदामात उतरवायची. रोज तोच रस्ता, शेजारच्या सीटवर मी. वर्षभरात या मुलाचे हात स्थिर करायचे, एवढंच मी ठरवून आले आहे.

रात्री पिठलं-भाकरी केली. दोघंही पोटभर जेवलो. घर मला आवडलं.

८ डिसेंबर, रविवार

दिवसा जड वाहनांना शहरातून जाऊ देत नाहीत. त्यात पुढच्या आठवड्यात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतंय, म्हणजे चौकाचौकांत पोलीस. त्यामुळे उजाडायच्या आधी निघून सूर्य वर यायच्या आत कामठी गाठायची. थोडक्यात, जितूला ज्याची भीती, तेच रोज करायचं आहे. मला ते योग्यच वाटतं. मुली अंधाराला घाबरायच्या तेव्हा मी त्यांना पांघरुणात बसू देत नसे. टॉर्च हातात द्यायचे आणि विहिरीपर्यंत जाऊन यायला लावायचे.

टॉर्चची सोय मात्र आधी करायला हवी. ट्रक जुना आहे, पुढे नाक आलेला. पारशिवनीच्या धोंडबा नावाच्या माणसाकडून दलालामार्फत घेतला. इंजिन बरं आहे, स्प्रिंगचे पाटे नवे आहेत, पण पुढच्या दोन दिव्यांचा उजेड कंदिलासारखा. आज संध्याकाळी शेडबाहेर उभं राहून पाहिलं. पन्नास पावलांवरचा लिंब दिसत नव्हता. जितू म्हणाला, चालते वं मावशी, सवय होईल. मी म्हटलं, सवय तुला नाही, दिव्याला लावायची आहे. जादा दिवे बसवू.

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतलं होतं त्याचा उपयोग इतक्या वर्षांनी होतोय. दिवा विकत घ्यायला अक्कल लागत नाही, तो कुठे बसवायचा याला लागते. टपावर लावला तर लांबचं दिसतं, पण धुक्यात तोच उजेड परत डोळ्यांवर येतो. शिवाय या गाडीचं नाक मध्ये येतं आणि सगळं बोनेटच चमकत राहतं. जाळीसमोर लावला तर इंजिनाची हवा अडते. मडगार्डचा पत्रा पातळ, दिवा हलत राहणार. म्हणजे दिवे खाली हवेत, बंपरच्या पातळीला, रुंद उजेडाचे. हे मी कागदावर काढून जितूला समजावलं. त्याने मान डोलावली. त्याला दिव्यांपेक्षा माझ्या उत्साहाची गंमत वाटत असावी.

११ डिसेंबर, बुधवार

प्रशिक नावाचा फिटर शोधला. हिंगणा रोडवर त्याचं दुकान आहे, चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंड सतत चालू. मी दिव्यांची यादी सांगितली तर म्हणाला, एवढे दिवे लावून वरातीत न्याची हाय का गाडी, बाई? मी म्हटलं, हो, तुमचीच काढू, पण आधी बोल्ट आवळा. त्यानंतर जरा सरळ बोलायला लागला.

दुपारभर आम्ही दोघं गाडीखाली वाकून जागा शोधत होतो. बंपर तिरका आणि गंजलेला, त्याच्यावर भरवसा नाही. पण बंपरच्या मागे चेसीची, गाडीच्या लोखंडी सांगाड्याची, दोन टोकं पुढे आली आहेत, ती भक्कम. प्रशिकने ड्रिल उचललं, मी थांबवलं. चेसीला मनाला येईल तिथे भोकं पाडली की ती तिथेच तडकते. जी भोकं आहेत त्यांतच बसवायचं. त्याचंही तेच म्हणणं होतं, पण गिऱ्हाइकाला नवं काम दिसावं लागते ना, असं हसत म्हणाला.

भोकं शोधायला गेलो तर ती भरपूर निघाली. चेसीच्या टोकांना, पायदानाच्या खाली, दोन्ही बाजूंना मधोमध, मागच्या आडव्या पट्टीला. सगळी एकाच मापाची. कोणीतरी पूर्वी या गाडीला चहूबाजूंनी दिवे लावले होते आणि मग काढून टाकले होते. वायर बांधायच्या क्लिपासुद्धा जागेवर आहेत. धोंडबा माझ्यासारखाच टापटिपीचा माणूस असावा. फुकट काम वाचलं.

मागच्या डाव्या कोपऱ्याचं भोक तेवढं वेल्डिंग करून बुजवलंय. ओबडधोबड गोळा आहे, घाईत मारलेला.

आज पुढचे दोन दिवे बसले. मागचं नंतर बघू.

१४ डिसेंबर, शनिवार

आज दाट धुकं होतं आणि मला आनंदच झाला, कारण परीक्षा झाली. खाली लावलेल्या दिव्यांनी डांबराची कड अगदी स्वच्छ दाखवली. जितूने कामठीपर्यंत एकदाही गाडी थांबवली नाही. हात थरथरत होते, पण कमी.

कामठीचं गोदाम एका बोळाच्या टोकाला आहे. गाडी रस्त्यावरून उलटी आत घ्यावी लागते, शेवटी सिमेंटचा फलाट. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाली. मला वाटलं होतं इथे घोळ होणार. जितूने खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी एका दमात फलाटाला लावली. मधे बोटभर जागा. मी त्याला शाबासकी दिली, जी मी सहसा देत नाही.

तो म्हणाला, मी काई नाही केलं, मागं जो माणूस होता त्यानं मस्त घेतली गाडी. ट्रकवाल्यांची ही पद्धत मला आता कळली. गाडी मागे घेताना क्लीनर मागच्या कोपऱ्याशी चालतो आणि हाताने फाळक्यावर, मागच्या लाकडी झडपेवर, थापा मारतो. दोन थापा म्हणजे ये. एकच जोरात म्हणजे थांब. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, थाप येते. चांगल्या ड्रायव्हरचा पाय थापेबरोबर आपोआप हलतो, डोक्याला विचारत नाही. थापा मीही ऐकल्या होत्या, डाव्या कोपऱ्यातून. ठाम, न घाईच्या.

उतरल्यावर त्या माणसाला चहाला पैसे द्यावेत म्हणून शोधलं. हमाल अजून यायचे होते. चौकीदार फाटकाशी शेकत बसला होता, तो म्हणाला आत कोणी नाही. आपल्याआधीचा कोणी टेम्पोवाला असेल, मदत करून निघून गेला असेल.

१७ डिसेंबर, मंगळवार

काल आणि आज दोन्ही दिवस थापा आल्या. काल मी लक्ष दिलं नाही. आज मी बोळाच्या तोंडाशीच उतरले आणि गाडीच्या मागे चालत गेले. धुकं होतं, पण माणूस दिसणार नाही इतकं नव्हतं.

मागे कोणी नव्हतं. दोन थापा पडल्या, माझ्यापासून हाताच्या अंतरावर, फाळक्याच्या डाव्या कडेला. लाकूड हललेलं मी पाहिलं. गाडी मागे आली. परत दोन. मग फलाट जवळ आल्यावर एक, जोरात. गाडी थांबली.

मी तिथेच उभी राहिले. मग फाळक्याच्या साखळ्या तपासल्या. डावीकडची सैल आहे. गाडी हलली की ती आपटते आणि फाळका वाजतो, असं मी धरून चालले आहे. पण साखळी फलाटाशी आल्यावर बरोबर एकदाच का आपटावी? जितूला काही सांगितलं नाही. साखळीला चिंधी गुंडाळली.

२० डिसेंबर, शुक्रवार

चिंधी गुंडाळल्यावरही थापा येतात.

जितूला आता कळलंय की मागे कोणी नसतं. मला वाटलं तो घाबरून गाडी सोडेल. उलट शांत आहे. म्हणतो, कोणी का असेना मावशी, बरोबर सांगून राहिला ना तो. हे मला अजिबात आवडलं नाही. ज्याला मी डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवायला आणलं, तो आता डोळे मिटून कशाच्या तरी थापेवर गाडी मागे घेतो. आज तर त्याने खिडकीतून मागे पाहिलंसुद्धा नाही.

मागे उजेड नाही म्हणून हे चाललंय. उजेड असला की तो आरशात पाहील, आणि पाहील तेव्हा थापेची गरज उरणार नाही. मागे दोन दिवे लावायचे. उजवीकडे भोक आहे. डावीकडचं उघडून घेऊ. दोन्ही बाजूंना सारखे हवेत, एका बाजूच्या दिव्याने सावल्या फसवतात.

२२ डिसेंबर, रविवार

दिवे बसले. उजवीकडचा पटकन झाला. डाव्या भोकाचा वेल्डिंगचा गोळा प्रशिकने ग्राइंडरने उडवला. नेहमीची बडबड चालू होती, बायकोची, पोरांची शाळा, एक तारखेला भीमा कोरेगावला जायचं त्याच्या गाडीची. गोळा निघाल्यावर आतून एक जुना बोल्ट निघाला, वेल्डिंगखाली तसाच दाबून टाकलेला. हे काहून केलं असंल, असं म्हणून त्याने तो फेकून दिला. मला तो प्रश्न तेव्हा पडायला हवा होता असं लिहिताना वाटतंय, पण पडला नाही. मी बोल्टचं माप बघत होते.

सगळे जादा दिवे एकाच वायरवर आहेत, एकच बटण. डाव्या कोपऱ्याच्या दिव्याचं नट जुनं, आतले पेच गंजलेले, ते ठोकून बसवावं लागलं. आता हे तुम्ही म्हणाल तरी निघत नाही, असं प्रशिक म्हणाला.

संध्याकाळी शेडमध्ये लावून पाहिले. मागची भिंत दुधासारखी पांढरी झाली. जितू आरशात पाहून म्हणाला, आता सुई पडली तरी दिसंन. मी समाधानाने झोपायला चालले आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

काल आणि आज, गोदामात एकही थाप नाही. लख्ख उजेडात जितूने स्वतः आरशात पाहून गाडी लावली. काल भिंतीला जरा घासली, आज नाही. हेच मला हवं होतं.

परत येताना ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे गाडीच्या डाव्या बाजूला काहीतरी वाजलं. मधोमध, पायदानाच्या जरा मागे. दोनदा. जितूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पोतं सरकलं असेल.

गाडी रिकामी होती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

२७ डिसेंबर, शुक्रवार

थापांची जागा पुढे सरकते आहे. मंगळवारी-बुधवारी मधोमध, काल केबिनच्या मागच्या पत्र्याला, आज माझ्या दारावर. मी बसले होते, दाराला टेकून. बाहेरून दोन थापा, माझ्या खांद्याच्या उंचीवर. गाडी वेगात होती. बाहेर कोणी चालू शकत नाही, पळूही शकत नाही.

मग एक, जोरात. जितूने भर रस्त्यात कचकन ब्रेक दाबला. मागचा बसवाला शिव्या देत बाजूने गेला. समोर रस्ता मोकळा होता. थांबायचं काही कारण नव्हतं. मी रागावले. तो म्हणाला, मी नाही दाबला वं मावशी, पायानंच दाबला. त्याचे हात पहिल्यापेक्षा जास्त थरथरत होते.

आत्तापर्यंत ते जे सांगायचं ते बरोबर असायचं.

२९ डिसेंबर, रविवार

एकटी पारशिवनीला जाऊन आले. जितूला सांगितलं ओळखीच्या बाईंना भेटून येते.

धोंडबा अंगणात तुरी पाखडत बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, मागं डावीकडं काही लावलं तर नाही ना तुमी. मी म्हटलं, दिवा लावला. त्यांनी सूप खाली ठेवलं.

जे सांगितलं ते असं. त्यांचा क्लीनर रुपराव, त्यांच्याच वयाचा, गावचाच. गाडी घेतली त्या दिवसापासून बरोबर. गाडी मागे घ्यायची तर जागा त्याची, डावा कोपरा. काही वर्षांपूर्वी अशाच धुक्यात, याच कामठीच्या बोळात, धोंडबांना दोन थापा ऐकू आल्या आणि त्यांनी गाडी मागे घेतली. रुपराव फलाट आणि फाळक्याच्या मधे होता. थाप त्याने मारली की साखळी वाजली, हे त्यांना आजही माहीत नाही. सगळे म्हणाले धुकं होतं.

मग थापा सुरूच राहिल्या. बरोबर थापा, पूर्वीसारख्या. धोंडबांनी घाबरून चहूबाजूंनी दिवे लावले. बाकीच्या दिव्यांनी काही झालं नाही. डाव्या कोपऱ्यात लावला तेव्हा थापा पुढे यायला लागल्या. दारापर्यंत आल्या तेव्हा त्यांनी तो दिवा उपटला, भोक बुजवलं, आणि रुपराव परत आपल्या जागी गेला. बाकीचे दिवेही मग काढून टाकले, नको म्हणून.

मी विचारलं, बटण बंद ठेवलं तर? ते म्हणाले, विझवून नाही होत बाई, काढा लागते. दिवा तिथं हाय तोवर त्याले वाटते, माह्या जागी दुसरा ठेवला. मग तो आपली जागा शोधत फिरते.

मी विचारलं, आत आला तर काय? त्यांनी सूप उचललं.

विकताना हे का सांगितलं नाही, असं मी खडसावलं. म्हणाले, सांगतलं असतं तर ऐकलं असतं का तुमी? ऐकलं नसतं. हसून गाडी घेतली असती आणि पहिला दिवा तिथेच लावला असता.

३० डिसेंबर, सोमवार

मी अजून हे मानत नाही. पण दिवा काढल्याने माझं काही बिघडत नाही, म्हणून काढायचा. प्रशिकचं दुकान बंद, तो कोरेगावला निघून गेला. दोन तारखेनंतर येईल. शेजारच्या दोघा फिटरांनी नट पाहून हात जोडले, गॅस कटर लागेल म्हणाले, तोही त्यांच्याकडे नाही. वायर कापावी तर सगळेच दिवे जातात आणि नुसतं विझवून होत नाही. नटावर डिझेल टाकून ठेवलं. मीच काढीन.

उद्याची फेरी चुकवता येत नाही. कारखान्याने सांगितलं आहे, एक दिवस गाडी आली नाही तर काम दुसऱ्याला. जितूला रुपरावबद्दल सगळं सांगितलं. वाटलं होतं कोसळेल. तो म्हणाला, त्याले कामावरून काढलं आपण.

३१ डिसेंबर, मंगळवार. पहाट, रस्त्यावर

गाडीतच लिहिते आहे. धुकं फार. पुढचे दिवे लावूनही कड दिसत नाही.

कोराडी नाक्यापर्यंत काही नाही. मग दोन थापा. बाहेरून नाही. आमच्या दोघांच्या सीटच्या मागे, ड्रायव्हर झोपतो त्या फळीवर. मी टॉर्च टाकला. फळी, चादर, जॅक. कोणी नाही.

एक थाप. जितूचा पाय ब्रेकवर. मी त्याच्या मांडीवर हात दाबून धरला, उचल पाय म्हणून. दगडासारखी मांडी. दोन थापा पडल्यावर सुटली.

तो रडतो आहे, पण गाडी चालवतो आहे. मी मोठ्याने पाढे म्हणायला लावले. म्हणतो आहे.

नंतर. कामठी

बोळात आलो. मी गाडी फलाटाच्या अलीकडेच थांबवायला लावली. पुढे रस्त्यावर दुसरा टेम्पो येऊन उभा, त्याचा ड्रायव्हर कुठे गेला माहीत नाही, त्यामुळे पुढे सरकता येत नाही. हमाल अजून नाहीत. चौकीदार म्हणतो, शेकून घ्या बाई, उजाडू द्या.

आता थापा थांबत नाहीत. दोन, दोन, दोन. जितूच्या पाठीमागे. तो म्हणतो, सीटला मारून राहिला मावशी, पाठीत लागून राहिलं. असंच घरी परत जाणं शक्य नाही. या स्थितीत याच्या हातात गाडी शहरातून — नाही. दिवा इथेच काढायचा. आत्ता.

इंजिन बंद करता येत नाही. इतक्या दिव्यांनी बॅटरी उतरली आहे, बंद केलं तर सुरू होणार नाही. रेसवरून पाय काढला की मरतं. म्हणून जितूला आत बसावंच लागणार. मी म्हटलं तर तो बसला.

त्याला तीनदा बजावलं. थाप ऐकू आली तरी हलायचं नाही. मी स्वतः खिडकीशी येऊन तोंडाने सांगेन तेव्हाच. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. असं तो लहानपणी करायचा.

मागे उभी आहे

पाठीशी फलाट, समोर फाळका. मधे मी मावते, थोडी जागा उरते. मागचा उजेड इतका की पान पांढरं दिसतं आणि अक्षर दिसत नाही. दिवा तापलेला. पाना लावला, नट अर्धा फेरा फिरलं आणि अडकलं. परत डिझेल टाकलं. मुरायला वेळ द्यावा लागतो. हात रिकामे राहिले की मन भलतीकडे जातं, म्हणून वही फाळक्यावर टेकवून लिहिते.

थापा इथून ऐकू येत नाहीत. इंजिनच तेवढं.

जागा लहान आहे. माणूस इथे रोज उभा राहायचा, आणि आपण त्याच्या जागी — मी हे मोठ्याने म्हटलं. म्हटलं, रुपराव, काढते आहे. थोडं थांबा. तुमचीच जागा आहे.

नट सुटतंय. बोटांनी फिरतंय आता. दोन फेरे राहिले —

थापा. ऐकू आल्या. दोन. इंजिनापेक्षा मोठ्या, केबिनमधून.

परत दोन.

गिअरचा खटका. तो नसेल. साखळी असेल. मी हाक मारली, जितू, इथे मी आहे. इंजिनाचा आवाज बदलला. तो शब्दाचा पक्का आहे, तो पाय हलू देणार ना